रिकाम्या खोळीची वरात

बहरीनहून परत आल्यापासून चहाच्या टपरीवर रोज कुणी ना कुणी विचारतंच, "काय दफेदार, कसा हाय तो देश?" मी म्हणतो, बरा आहे. रस्ते गुळगुळीत, समुद्र हिरवा, आणि दुकानात गेलं की दहातले सात आपलेच. एवढ्यानं लोकांचं पोट भरत नाही. त्यांना सोनं, उंट, शेख असलं काहीतरी हवं असतं. उंट मी पाहिला नाही. सोनं काचेआडून पाहिलं. जे पाहिलं ते इथं लिहितो, आणि ज्याला गोडगोड वाचायचं असेल त्यानं आत्ताच पान उलटावं.

आधी मी कोण ते सांगतो. मी फौजेत, घोड्यांच्या पलटणीत होतो. दफेदार म्हणून निवृत्त झालो. आता लढाईला घोडं कुणी नेत नाही हे मलाही कळतं, पण आम्हाला शिकवलं ते सगळं जुन्या रीतीनं, अगदी खोगिराला बंदूक बांधून दौडण्यापर्यंत. माझा धाकटा भाऊ सुरेश. त्याला फौजेनं घेतलं नाही, उंची कमी पडली. पण घोड्यांचं वेड माझ्यापेक्षा जास्त. तो गेला बहरीनला, एका श्रीमंत अरबाच्या तबेल्यात मोतद्दार म्हणून. घोडी धुवायची, चारायची, लीद काढायची. मालकाला तिथले सगळे मोतद्दार अरबाब म्हणतात.

सुरेशची बायको आणि मुलगी सानिका इथं गावात, आमच्या शेजारच्या घरात. सानिका आता आठवीत आहे. वर्गात तिनं एकदा सांगितलं, माझे पप्पा बहरीनमध्ये घोडेस्वार आहेत. कुणीतरी म्हणालं, घोडेस्वार कसले, लीद काढतात. झालं! पोरगी घरी येऊन हमसून रडली. बापाला फोन केला, "पप्पा, घोड्यावर बसलेला एक तरी फोटो पाठवा." सुरेश रोज पहाटे घोड्यावर बसतो, घोडी फिरवून आणणं त्याचंच काम. पण तबेल्यात फोटो काढायला सक्त मनाई. आणि जिथं चार लोक बघणार, तिथं मोतद्दारानं घोड्यापुढं लगाम धरून चालायचं, वर दुसरा कुणी बसणार.

अशात सुरेशचा मला फोन आला. "दादा, अरबाबच्या पोराचं लगीन हाय. वरात घोड्यावनं निघणार, त्याच्या आज्याच्या टायमाला निघायची तशी. खोगिराला बंदुका लावून. घरात घोड्यावर बसणारी पोरंच उरली न्हाईत, म्हणून आम्हाला बसवणार हायेत. आन व्हिडिओ काढायला मुभा हाय! पर बंदूक कशी न्यायची ते हितं कुणाला ठावं न्हाई. मी सांगितलं, माझा भाऊ दफेदार हाय. तू ये."

इतका आनंदलेला त्याचा आवाज मी लहानपणानंतर ऐकला नव्हता. गेलो.

उम्म अल हस्सम

विमानतळावर घ्यायला इस्माईलभाई आले होते. हे रत्नागिरीकडचे, तबेल्याच्या ऑफिसात कामाला. व्हिसा, लीव्ह, घोड्यांचा चारा, सगळं त्यांच्या हातून जातं. मोतद्दारांच्या खोलीत पाहुणा ठेवायला परवानगी नव्हती, म्हणून उम्म अल हस्सममधल्या आपल्या फ्लॅटवर त्यांनी मला ठेवून घेतलं. माणूस सज्जन. पुढं मी त्यांच्यावर नाही नाही ते बोललो, तरी जेवणाच्या ताटात त्यांनी फरक केला नाही.

भाभींच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली आणि वाटलं, एवढ्या लांब येऊन आपण कोकणातच उतरलो की काय. दुसऱ्या दिवशी मात्र नाश्त्याला तिथला पदार्थ केला, बलालीत म्हणून. गोड शेवया, त्यात केशर वेलची, आणि त्यावर चक्क अंड्याची पोळी! आमच्याकडं शेवयांवर कुणी अंडं घातलं तर घरात महिनाभर बोलाचाली बंद होईल. मी नाक मुरडत घास घेतला, मग दुसऱ्यांदा मागून घेतलं.

त्यांची मुलगी सानिकाच्याच वयाची. मी विचारलं, "बाळ, कितवीला?" तर म्हणाली, "ग्रेड एट, अंकल." मराठी सगळं कळतं, पण जिभेवर यायला तयार नाही. बाप तिला रोज शाळेच्या बसपर्यंत सोडायला जायचा, ती त्याचा हात झटकून पुढं पळायची. मला आमच्या सानिकाची आठवण झाली. तिला बापाचा हात झटकायलाही मिळालेला नाही.

बुदैया

तबेला बुदैयाकडं, खजुराच्या बागांत. बहरीन म्हणजे नुसती वाळू असं मी धरून चाललो होतो. पण तिकडं पाटाचं पाणी, हिरवं कुंपण, कोंबड्या, आणि मधूनच समुद्राचा वास. जमीन मात्र पांढुरकी, चुनखडीची. आपल्या माणदेशात उन्हाळ्यात ओढ्याचं पात्र दिसतं तशी.

सुरेश फाटकात उभा होता. केस पांढरे झालेले, पोट आत. पाया पडला आणि लगेच म्हणाला, "चल, आधी नूरा दाखवतो." मी एवढा लांबून आलेलो, पाणी विचारायचं सोडून घोडी! पण नूरा पाहिली आणि माझा राग विरला. कुमैत घोडी, काळपट तांबडी, आयाळ काळीभोर. शिंगरू होती तेव्हापासून सुरेशच्या हातातली. तो पागेत शिरला की ती त्याच्या खिशात नाक घालायची.

त्या पागेची व्यवस्था बघून मी थक्क झालो. उन्हाळ्यात घोड्यांसाठी थंड हवा सोडतात. सुरेश हसत म्हणाला, "आम्ही बी दुपारचं तितंच पडतो दादा. आमच्या खोलीचा एसी बंद असला तर काय करणार." हसण्यासारखं त्यात काय होतं ते मला कळलं नाही. मी म्हणालो, "म्हणजे घोड्यांची मेहरबानी." तो म्हणाला, "व्हय की, घोडी चांगली हायेत."

पहाटे त्याला दौडताना पाहिलं. काय सांगू! लगाम नुसता बोटांत, पाठ ताठ, टाच घोड्याला लागते न लागते. आमच्या पलटणीत असता तर बक्षिसं घेऊन आला असता. मी मात्र म्हणालो, "कोपर बाहेर जातंय." सवय. आमच्या उस्तादांनी आम्हाला कधी बरं म्हटलं नाही, आम्ही कुणाला कधी म्हटलं नाही.

मग अरबाबनी बोलावलं. मजलिसमध्ये, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या दालनात, गालिच्यावर बसवलं. साठीतला माणूस, बोलणं हळू. हिंदी बऱ्यापैकी. कॉफीचा इवलासा कान नसलेला कप हातात आला. मी संपवला की नोकर पुन्हा भरे. पाहुण्यानं नाही म्हणू नये या आपल्या शिस्तीनं मी पीतच राहिलो, शेवटी छातीत धडधडायला लागलं. सुरेश दारातून हाताची खूण करत होता, कप हलव, हलव. कप जरा हलवला की पुरे, एवढी साधी गोष्ट. आपल्याकडं ताटावर आडवा होऊन हात धरावा लागतो, तरी वाढतात.

अरबाबनी आजोबांच्या बंदुका दाखवल्या. भिंतीवर चार टांगलेल्या, दस्त्यावर चांदीचे पट्टे. म्हणाले, आणखी काही नातलगांकडून येतील, सगळ्या स्वारांना एकेक. मोतद्दारांनासुद्धा. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. माणूस खोटारडा नव्हता, त्या वेळी त्याच्या मनात तसंच होतं.

चामड्याच्या खोळी आधीच शिवून आल्या होत्या. ज्यानं कधी पाहिली नाही त्याच्यासाठी सांगतो. ही लांब चामडी पिशवी. खोगिराच्या उजव्या अंगाला, स्वाराच्या मांडीमागं तिरकी बांधतात. बंदुकीची नळी खाली, लाकडी दस्ता वर. दोन्ही हात लगामाला मोकळे राहतात आणि उजवा हात मागं नेला की दस्ता हातात येतो. ऐकायला सोपं आहे. पण घोड्यावर डावीकडून चढताना उजवा पाय त्या दस्त्यावरून पलीकडं टाकावा लागतो. पाय जरा खाली राहिला तर दस्त्याला लाथ बसते, घोडं बिथरतं, आणि वऱ्हाडासमोर स्वार भुईवर. उतरतानाची रीत तर आणखी कडक. आधी हात मागं, बंदूक बाहेर, मगच पाय जमिनीवर. कारण घोडं उधळलं तर खोळीतली बंदूक त्याच्याबरोबर जाते. उस्ताद म्हणायचे, घोडं भुकेला परत येतं, बंदूक येत नाही.

बंदुका यायच्या होत्या, तोवर आम्ही पाण्याचे पाइप घेतले. आत वाळू भरली, तोंडाला चिंध्या कोंबल्या, वजन बंदुकीइतकं झालं. सुरेश आणि दुसरे मोतद्दार सकाळ संध्याकाळ त्यावर घोटू लागले. त्यांच्यात अशरफ म्हणून लाहोरकडचा एक धिप्पाड माणूस होता, सुरेशचा खोलीतला सोबती. तो पहिल्या दिवशी दस्त्याला लाथ मारून तोंडावर आपटला आणि उठून स्वतःच टाळ्या वाजवायला लागला. सुरेश मात्र एकदाही चुकला नाही. पाय असा उंच आणि अलगद जायचा की नूराला कळायचंही नाही. अरबाबनी पाहिलं आणि सांगितलं, हा सगळ्यात पुढं राहील.

त्या दिवशी सुरेशनं सानिकाला फोन लावला. "सगळ्यात पुढं म्या हाय," तो म्हणाला. पलीकडून पोरगी इतकी ओरडली की पागेतली घोडी कान टवकारून बघायला लागली.

हूरा

एक दिवस सुट्टीचा होता. इस्माईलभाईंनी मला बाब अल बहरीनच्या जुन्या बाजारात फिरवलं. मसाले, कापड, सोन्याच्या साखळ्यांचे पडदेच्या पडदे. मला हे सगळं बघायला लागतं तेवढा वेळ मी दिला. तिथून हूऱ्यात गेलो, त्यांना कुणाला तरी भेटायचं होतं. "इथं हॉटेलच्या दारात उभे रहा, मी आलोच," म्हणून ते गल्लीत शिरले.

मी त्या दिवशी मुद्दाम फेटा बांधला होता. परमुलुखात आलोय, जरा आपला थाट दिसावा. मिशीला पीळ. उभा आहे ऐटीत. तेवढ्यात एक लांबलचक मोटार माझ्या पुढ्यात थांबली, सुटाबुटातला एक जण उतरला आणि माझ्या हातात किल्ली ठेवून आत निघून गेला! मी किल्लीकडं बघतोय, मोटारीकडं बघतोय. मागून हॉटेलचा खरा दरवान धावत आला. त्याच्याही डोक्याला फेटा, माझ्यापेक्षा चांगला बांधलेला, आणि छातीवर पितळी बटणं. केरळचा होता. किल्ली घेत म्हणाला, "चाचा, नया आया क्या?"

इस्माईलभाई हसून हसून बेजार झाले. मी फेटा सोडून पिशवीत कोंबला. ज्या फेट्यासाठी आमच्याकडं भावकीत मारामाऱ्या होतात, तो तिथं दरवानाचा युनिफॉर्म. आपला मान आपल्यापुरता असतो, वेशीबाहेर त्याला कुत्रं विचारत नाही. हे मला त्या दिवशी समोर दिसत होतं. पण दिसलं म्हणून शहाणपण येतं थोडंच.

वरातीच्या आदल्या दिवशी

दुपारी आम्ही पागेबाहेर खोगिरांना तेल लावत बसलो होतो. इस्माईलभाई आले. चेहरा पाहूनच मी ओळखलं, काहीतरी बिनसलं.

"दफेदार, जरा ऐका," ते म्हणाले. "बंदुकांचं जमणार नाय. बाहेरच्या मुलखातल्या माणसाच्या हातात हत्यार द्यायचं नाय, असा इथं कायदा. जुनं असो, गंजलेलं असो. अरबाबना त्यांच्या भावानं समजावलं. घरची चार पोरं आहेत, ती घेतील बंदुका. बाकीच्यांच्या खोळी रिकाम्या."

"रिकाम्या? मग पाइप राहू द्या की."

"पाइप पण नाय. लांबून बंदुकीसारखा दिसला तर? उगाच नसतं लफडं."

"मग खोळीच काढून टाका!"

इस्माईलभाईंनी मान खाली घातली. "अरबाब म्हणतात, फोटोत सगळे घोडे सारखे दिसायला हवेत."

माझं डोकंच फिरलं. मी उठून उभा राहिलो आणि सगळ्या मोतद्दारांसमोर, हिंदीत, सगळ्यांना समजेल असं बोललो. म्हणालो, आमच्या पलटणीत रिकामी खोळ कुणाच्या घोड्याला बांधतात माहीत आहे? ज्यानं आपली बंदूक हरवली त्याच्या. त्याला रिकाम्या खोळीनिशी सगळ्या पलटणीपुढून फिरवतात, आणि कुणी त्याच्याकडं बघून हसत नाही, सगळे मान फिरवतात. माझ्या डोळ्यादेखत एकाला तसं फिरवलं. त्यानं आठ दिवसांत फौजेतनं नाव काढून घेतलं आणि गावीसुद्धा गेला नाही. आमच्याकडं त्यापेक्षा मोठी शिवी नाही. आणि तुमचा अरबाब ती शोभेसाठी बांधतोय!

अशरफ म्हणाला, "अरे चाचा, चमडे की थैली है, और क्या." बाकीचे तेलाचे बोळे घेऊन पुन्हा कामाला लागले.

सुरेशनं हातातला बोळा खाली ठेवला. मग हळूच मराठीत म्हणाला, "दादा, हितं कुणाला ठावं हाय ते?"

"तुला ठावं झालं ना आता?"

"मला न्हवतं ठावं. तू आत्ता सांगितलंस."

"बरं झालं सांगितलं. घराण्याची अब्रू म्हणून काही असतं."

"मी बसणार हाय," तो म्हणाला. "सानिकाला सांगितलंय. शाळेतल्या बाईंना बी सांगून ठेवलंय तिनं. बंदूक असू दे न्हाईतर नसू दे, घोडं तर खरं हाय की."

"बस की," मी म्हणालो. "खुशाल बस. रिकाम्या खोळीचा सुरेश म्हणून सगळ्यात पुढं बस."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. लहानपणी मी त्याला मारायचो तेव्हा तो असाच बघायचा, रडायचा नाही. मग उठून नूराला पाणी दाखवायला गेला. इस्माईलभाई मला म्हणाले, "दफेदार, तुमी हे नको होतं बोलायला." मी त्यांना सांगितलं, तुम्ही अरबाबची पायपुसणी आहात, आम्हाला शिकवू नका. त्यांनी ऐकून घेतलं. घरी गेल्यावर भाभींनी मला हमूर मासा तळून वाढला, मी दोन तुकडे खाल्ले आणि उठलो.

साखीर

हिवाळ्यात बहरीनची माणसं साखीरच्या वाळवंटात तंबू ठोकून राहतात. घर सोडून, दिवे, जनरेटर, गालिचे, सगळं घेऊन. आपल्याकडं ज्याला घर नाही तो पालात राहतो, तिथं ज्याला मोठं घर आहे तो. तेल वाहून नेणारे नळ जमिनीवरून लांबवर पसरलेले, त्यांच्या पलीकडं बुटक्या टेकड्या, आणि वारा असा गार की मी स्वेटर घातला. लग्नाचे पुरुष पाहुणे एका मोठ्या तंबूत होते. परातीएवढ्या ताटांत भात आणि त्यावर अख्खं बकरं. ढोलवाले आले होते.

वरात एका टेकडीआडून निघून तंबूपर्यंत यायची होती. मी टेकडीपाशी घोड्यांजवळ थांबलो. सगळ्या स्वारांना पांढरे थोब, म्हणजे तिथले पायघोळ अंगरखे, आणि डोक्याला गुत्रा, तो मोठा रुमाल. वाऱ्यानं वाळू उडत होती म्हणून गुत्र्याचं टोक सगळ्यांनी नाकावरून घेतलेलं, नुसते डोळे उघडे. घरच्या चार पोरांच्या खोळींतून चांदीचे दस्ते चमकत होते. त्यांतल्या एकाला मागून दोघांनी धरून खोगिरावर चढवलं.

सुरेश नूरावर बसला. उजवा पाय दस्ता असल्यासारखाच उंच गेला आणि पलीकडं उतरला. मी शिकवलेली एवढी नीट बैठक मी कुणाची पाहिली नाही. खोळ मात्र मांडीमागं चिपटलेली लोंबत होती. सगळ्यांच्या पुढं जाऊन तो उभा राहिला, आणि त्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

त्याला काय हवं होतं ते मला स्वच्छ कळलं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मी त्या तेलाच्या नळांकडं तोंड फिरवलं.

ढोल सुरू झाले. मी पुन्हा बघितलं तेव्हा सुरेशचा उजवा हात मागं गेला होता. आधी बंदूक, मग पाय, इतके दिवस घोटलेलं. हात रिकाम्या खोळीत कोपरापर्यंत गेला, क्षणभर तिथंच राहिला, मग बाहेर आला. तो उतरला.

"क्या हुआ?" इस्माईलभाई धावले.

"पेट में मरोड आया. नहीं होगा मेरे से," सुरेश म्हणाला. मग अशरफकडं वळला. "अशरफ, यल्ला, तू बैठ. लगाम ढीला रखना, मुंह कच्चा है उसका."

अशरफला काय, आनंदच. त्यानं उडी मारून बैठक घेतली, चुरगळलेली खोळ सरळ केली, आणि वाटेत तहान लागेल म्हणून आपली पाण्याची बाटली तिच्यात सोडून दिली. "ये देखो चाचा, काम की चीज है," असं मला ओरडून सांगितलं आणि निघाला.

वरात टेकडीआडून बाहेर पडली तेव्हा उन्हं कलली होती. तंबूतून एकदम गलका उठला. नूरा पुढं, मान कमानीसारखी, तिच्यावर तो धिप्पाड पांढरा स्वार. अरबाबचे एक म्हातारे चुलते काठी टाकून उभे राहिले आणि रडायलाच लागले, त्यांना म्हणे त्यांचे वडील आठवले. टाळ्या, शिट्ट्या, ढोल. कोणत्या खोळीत काय आहे आणि काय नाही, तिकडं एकाही माणसानं पाहिलं नाही. मी मुद्दाम एकेकाच्या नजरेवर लक्ष ठेवून होतो. एकानंही पाहिलं नाही.

सुरेश माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. खिशातून फोन काढला आणि शूटिंग करू लागला. टेकडीपासून तंबूपर्यंत, एक क्षण न थांबवता. त्याचा हात हलत नव्हता. मी म्हणालो, "सुऱ्या." तो म्हणाला, "बोलू नकोस, आवाज येतोय यात."

नंतर आम्ही दोघं एका रिकाम्या तंबूच्या कडेला चहा घेत बसलो. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, पुढच्या वेळी बंदुका मिळतील. तो म्हणाला, "खलास, दादा. सोड." तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सानिका. पडद्यावर तिचा चेहरा, मागं माझी भावजय, आणखी शेजारपाजारच्या दोघीतिघी. व्हिडिओ पोचला होता.

"पप्पा! ते सगळ्यात पुढचे तुम्हीच ना?"

सुरेश हसला. "व्हय. मीच."

मी कप खाली ठेवला.

"किती भारी दिसताय! तोंड का झाकलंय पण?"

"वाळू उडतीया लई. समद्यांनीच झाकलंय, बघ की."

पोरगी हुशार आहे. म्हणाली, "पण पप्पा, तुम्ही घोड्यावर होता, मग तुमच्या फोनवर व्हिडिओ कुणी काढला?"

सुरेशनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "तात्यानं," असं म्हणून त्यानं फोन माझ्या तोंडासमोर धरला. पडद्यात सगळे माझ्याकडं बघत होते. "तात्या, तुम्ही काढला?" सानिकानं विचारलं.

उभ्या हयातीत मी कुणाच्या बापाला घाबरलो नाही. खोटं बोललो नाही म्हणून दोनदा बढती घालवली. मी म्हणालो, "व्हय बाळ. मी काढला."

दोन दिवसांनी मी परत आलो. सुरेशला सुट्टी नव्हती, विमानतळावर इस्माईलभाईंनीच सोडलं. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "माझं राहू दे. त्याची मागितलीत काय?" मी बॅग उचलून आत गेलो.

आता इथं सगळ्या गावानं तो व्हिडिओ पाहिलाय. शाळेत पडद्यावर दाखवला. टपरीवर लोक म्हणतात, दफेदार, भाऊ शोभला हो तुमचा, आणि शूटिंग पण झकास, हात अजिबात हलला नाही. परवा सानिका फोन घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसली. शंभरदा पाहिलेलं पुन्हा पाहिलं, बोटांनी चित्र मोठं करून त्या गुत्र्याआडचे डोळे बघत राहिली. मग म्हणाली, "तात्या, पप्पांचा चेहरा एकदा तरी जवळून घ्यायचा होता की."

मी म्हणालो, "घ्यायला हवा होता."